ओटी आणि माजघर

लहान धंदा करणाऱ्या माणसापुढें एक प्रश्न रोज उभा राहतो : गिऱ्हाईक मिळवावें, कीं घर सांभाळावें ? प्रश्न इतका नित्याचा आहे कीं, तो नीतिशास्त्राचा आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तो वेळापत्रकाचा आहे असें समजूनच त्याचीं उत्तरें दिलीं जातात. पहाटे लवकर उठावें, दिवसाचे तास वांटून घ्यावे, कामांची यादी करावी, रविवार राखून ठेवावा. हा उपदेश वाईट नाहीं. पण तो ऐकून ज्याचें समाधान झालें असा धंदेवाला विरळा. याचें कारण, माझ्या मतें, असें कीं, ज्या दोन गोष्टींचा तोल साधावयाचा त्या एकाच तराजूंत घालण्यासारख्या आहेत काय, हा आधींचा प्रश्न आपण विचारलेलाच नसतो. तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून तो एका गांवांत आणून ठेवतों. पनवेलजवळचें आमचें खारघर हें आखून वसविलेलें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईचे नकाशे निघूं लागले. आखीव शहराचा नियमच असा कीं, राहण्याची जागा कोणती आणि दुकानाची कोणती, हें नकाशावर आधींच ठरलेलें असतें. एका अंगाला डोंगर आणि पांडवकड्याचा धबधबा, मध्यें रुंद रस्ते, आंकड्यांनीं ओळखले जाणारे सेक्टर, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावणारी मेट्रो, असें याचें रूप आहे. येथील मूळच्या गांवकऱ्यांखेरीज बाकीची वस्ती बाहेरून आलेली. कोणी मुंबईच्या चाळींतून, कोणी देशावरून, कोणी कोंकणांतून, कोणी परप्रांतांतून. पण नकाशानें ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या त्या माणसांनीं पुन्हां एकत्र आणल्या आहेत. येथील बहुतेक इमारतींत असें एखादें तरी बिऱ्हाड आढळेल कीं, ज्याच्या स्वयंपाकघरांतून डबे जातात, किंवा जेथें केक होतात, साड्या विकल्या जातात, शिकवण्या चालतात, दिवाळीचा फराळ करून दिला जातो. कोणाची नोकरी सुटलेली असते, कोणाच्या डोक्यावर घराचे हप्ते असतात, कोणा गृहिणीला आपल्या हातांत आपला पैसा असावा असें वाटत असतें. हे सर्व हेतु सन्मान्य आहेत.

या ठिकाणीं आम्हां नोकरीपेशाच्या सुशिक्षितांच्या मनांतील एक जुनी अढी प्रथम दूर सारली पाहिजे. विकणें म्हणजे कांहीं तरी हलकें, आणि आपल्या मालाची आपणच स्तुति करणें तर त्याहून हलकें, असा संस्कार आमच्यावर झालेला आहे. तो खरा मानण्याचें कारण नाहीं. आमच्या परंपरेनें अर्थ हा चार पुरुषार्थांत गणला आहे. आणि इतर आश्रमांचा भार गृहस्थाश्रमावर टाकला आहे, तो गृहस्थ कांहीं तरी मिळवितो असें धरूनच. चांगली वस्तु करणाऱ्यानें ती करून मुकाट्यानें बसावें, आणि गिऱ्हाइकानें दिव्यदृष्टीनें त्याचें दार शोधीत यावें, अशी अपेक्षा बाळगणें हा साधुपणा नव्हे. माल आहे हें सांगणें, तो कसा आहे हें खरें सांगणें आणि त्याची किंमत सांगणें हें विकणाऱ्याचें कर्तव्यच आहे. तेव्हां जाहिरात करावी कीं करूं नये, हा वाद नाहींच.

मग अडचण येते कोठून ? ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथाच्या पहिल्याच भागांत एक भेद केला आहे, तो येथें उपयोगी पडण्यासारखा आहे. घर चालविण्यासाठीं द्रव्य मिळविणें निराळें, आणि द्रव्यासाठीं द्रव्य मिळविणें निराळें, असें तो सांगतो. पहिल्याला मर्यादा आहे, कारण घराच्या गरजांना मर्यादा आहे; दुसऱ्याला मर्यादा नाहीं. गंमत अशी कीं, युरोपीय भाषांत अर्थव्यवहाराला जो शब्द रूढ झाला त्याच्या पोटांत ‘घर’ हाच ग्रीक शब्द दडलेला आहे. व्यवहार वाढत गेला, आणि शब्दांतलें घर तेवढें विसरलें गेलें.

हाच भेद लहान धंद्याच्या आंत पुन्हां एकदां करतां येतो. वस्तु करण्याच्या कामाला शेवट आहे. एका बाईच्या हातून एका दिवसांत किती लाडू वळले जातील याला सीमा आहे. बेसन संपतें, मनगट दुखूं लागतें, आणि दिवस संपला असें शरीरच सांगतें. गिऱ्हाईक शोधण्याच्या कामाला असा शेवट नाहीं. शंभरांना कळविलें तरी एकशेंएकावा उरतोच. आणि कालचें गिऱ्हाईक आज दुसरीकडे गेलें असेल ही शंका अंथरुणावरहि सोबत करते. हात थांबतात, पण मन दुकानाच्या दारांत उभें असतें. म्हणून लहान धंदेवाल्याचें घर त्याच्यापासून जें हिरावून नेतें तें बहुधा त्याचें काम नसतें. ती त्याची गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची संवय असते. आणि ज्या गोष्टीला स्वतःची सीमा नाहीं तिला सीमा बाहेरून घालावी लागते.

आमच्या जुन्या घरांनीं ही सीमा बांधकामांतच घातलेली होती. कोंकणांतल्या घराला ओटी असे आणि माजघर असे. पेठेंतल्या घराला पुढें दुकान आणि मागें बिऱ्हाड असे. ओटीवर कूळ येई, व्यापारी येई, देणेकरी येई, घेणेकरी येई; तेथें हिशेब होत आणि भांडणेंहि होत. पण उंबरठा ओलांडून आंत यावयाचें तर तो माणूस घरचा किंवा घरच्यासारखा असावा लागे. ओटीवरची गोष्ट माजघरांत जाई. ओटीवरचा माणूस जात नसे.

ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. माजघर हें बाईचें बंदिस्त ठिकाण होतें, आणि कित्येकदां तिच्याच दागिन्यांचा सौदा तिच्या मागें ओटीवर होत असे. शिवाय ओटी ही ऐपत असलेल्यांची गोष्ट. मुंबईच्या गिरणगांवांत ज्या बायका एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांसाठीं खाणावळ चालवीत, त्यांच्या एका खोलींत ओटीहि तीच आणि माजघरहि तेंच. पहांटेपासून रात्रीपर्यंत चूल, आणि वर सावकाराचें कर्ज. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली आणि बँकेच्या कर्जाची वाट त्यांच्यासाठीं मोकळी केली, ती याच कारणानें. त्या बायकांना कोणीं ‘तोल कसा साधतां ?’ असें विचारलें असतें, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. म्हणून जुना काळ परत आणावा असें माझें म्हणणें नाहीं. त्या काळानें ओळखलेली एक गोष्ट, म्हणजे उंबरठ्याची गरज, तेवढी घ्यावी.

घराच्या बांधणीनें घातलेली सीमा गेली तेव्हां कांहीं काळ ती कायद्यानें आणि चालीरीतीनें घातली. १९४८ च्या मुंबई दुकानें व संस्था कायद्यानें दुकानें केव्हां बंद करावीं याच्या वेळा ठरविल्या आणि आठवड्यांतून एक दिवस बंदचा ठरविला. कायद्याचा हेतु नोकरांचें रक्षण हा होता. पण त्याचा एक न बोललेला लाभ मालकाला मिळे. शेजारचें दुकानहि बंद आहे हें ठाऊक असल्यामुळें त्याला निर्धास्तपणें घरीं जातां येई. २०१७ च्या नव्या कायद्यानें बहुतेक दुकानांना आठवड्याचे सातहि दिवस उघडें राहण्याची मोकळीक दिली. नोकराला मात्र साप्ताहिक सुटी दिलीच पाहिजे असें बंधन ठेवलें. हें न्याय्यच झालें. परंतु ज्याच्याकडे नोकरच नाहीं, जो स्वतःच मालक, स्वतःच नोकर आणि स्वतःच जाहिरातदार, त्याला सुटी कोण देणार ? कायदा माणसाला दुसऱ्याच्या लोभापासून वांचवूं शकतो. स्वतःच्या धास्तीपासून वांचविण्याचें कलम अजून कोणीं लिहिलेलें नाहीं.

चालीरीतीची गोष्टहि अशीच. पुण्याच्या चितळे बंधूंचें दुकान दुपारीं एक ते चार बंद असे, आणि त्यावरून पुणेकरांच्या वामकुक्षीची थट्टा महाराष्ट्रभर झाली. १९५० सालीं सुरू झालेल्या या दुकानानें २०१७ च्या जुलैपासून दुपारीं उघडें राहण्याचें ठरविलें, तेव्हां ती वर्तमानपत्रांची बातमी झाली. थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली नाहीं. ती दुपारची पाटी म्हणजे गिऱ्हाइकाला केलेलें एक शांत निवेदन होतें, कीं आमच्याकडे विकण्यासारखें पुष्कळ आहे, पण आमचा सगळा दिवस त्यांत नाहीं. आणि गिऱ्हाईक चार वाजतां परत येत असे. अर्थात् ज्याच्या मालाचें नांव झालें आहे त्यालाच अशी पाटी परवडते, हा आक्षेप खरा आहे. त्याचा विचार पुढें करूं. दुकान उघडें ठेवण्यांत त्यांनीं कांहीं गैर केलें असेंहि नाहीं. काळ बदलला, गिऱ्हाइकाच्या वेळा बदलल्या. येथें घ्यावयाचें तें इतकेंच कीं, बाहेरच्या भिंती एकामागून एक पडत गेल्या.

आतां खारघरच्या त्या बिऱ्हाडांकडे परत येऊं. त्यांच्या सदनिकेला ओटी नाहीं. त्यांची ओटी म्हणजे हातांतला मोबाइल. आणि ही ओटी अशी कीं, ती माजघरांत जाते, देवघरांत जाते, उशाशीं येऊन निजते. गिऱ्हाईक रात्रीं अकरा वाजतां विचारतें, “उद्यां दहा मोदक मिळतील का ?” आणि उत्तर पांच मिनिटांत गेलें नाहीं तर दुसऱ्या घरीं विचारतें. एवढेंच असतें तर प्रश्न तासांचाच राहिला असता. पण याहून खोल गोष्ट पुढेंच आहे.

पूर्वीं जाहिरात मालाची होत असे. आतां नुसत्या मालाचें चित्र कोणी पाहत नाहीं, घर दाखवा, माणसें दाखवा, असा सल्ला नव्या धंदेवाल्याला मिळतो. म्हणून मुलाचा वाढदिवस, सासूबाईंची पंचाहत्तरी, गौरीची आरास, नवऱ्यानें केलेला चहा, हें सारें इन्स्टाग्रामवर जातें; आणि खालीं मागणी नोंदविण्याचा क्रमांक असतो. एका घरांत आई केक करून विकते. तिनें आपल्या मुलीच्या वाढदिवसाचा केक टेबलावर आणून ठेवला, तेव्हां मुलीनें सुरी हातांत घेण्यापूर्वीं विचारलें, “हा आपला आहे कीं गिऱ्हाइकाचा ?” केक तिचाच होता, पण आधीं त्याचीं छायाचित्रें निघालीं, प्रकाश नीट नव्हता म्हणून पुन्हां निघालीं, आणि ती मुलगी तोंवर हंसत उभी राहिली. यांत क्रौर्य कोणाचें नव्हतें. आईचें प्रेम खरें होतें आणि तिची गरजहि खरी होती. पण मुलीचा प्रश्नहि खरा होता, आणि त्याला उत्तर मिळालें नाहीं.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचा सिद्धान्त सुशिक्षितांना परिचित आहे : माणसाला केवळ साधन म्हणून कधीं वागवूं नये. हा सिद्धान्त आपण मोठ्या प्रसंगांसाठीं राखून ठेवतों. मालक आणि मजूर, राजा आणि प्रजा, यांना तो लावतों. परंतु त्याची खरी परीक्षा हळदीकुंकवाच्या बोलावण्यांत होते. शेजारीण आपल्याकडून फराळ घेते, यांत वावगें कांहींच नाहीं. स्नेह्यानें स्नेह्याचा माल घ्यावा हें स्वाभाविकच आहे. पण ती फराळ घेईल म्हणून तिला बोलावलें, तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली ती त्यासाठींच केली, तर तो स्नेह ओटीवर गेला. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. त्यांच्यांतला फरक आपल्या मनालाच ठाऊक असतो. तो ओळखण्याची एक साधी कसोटी आहे : या माणसानें आपल्याकडून कधींच कांहीं घेतलें नाहीं, तर आपलें दार त्याला इतकेंच उघडें राहील काय ? उत्तर ‘हो’ असेल तर धंदा खुशाल करावा. उत्तर देतांना मन घुटमळलें, तर विक्री कोठें तरी उंबरठ्याच्या आंत आलेली आहे.

तेव्हां माझें म्हणणें असें आहे. घर आणि धंदा यांचा तोल म्हणजे तासांची वांटणी नव्हे. बारा तास दुकानांत राबणारा माणूसहि घर राखूं शकतो, आणि दोनच तास काम करणाऱ्याचें घर विक्रीला निघालेलें असूं शकतें. घरांतून विकणें निराळें आणि घर विकणें निराळें. काय विकावयाचें नाहीं हें ज्याचें ठरलें आहे, त्याला उरलेलें सर्व निःसंकोचपणें आणि मोठ्या आवाजांत विकतां येतें.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, हें सर्व पोट भरलेल्याचें तत्त्वज्ञान आहे. ज्याला महिन्याच्या पांच तारखेला हप्ता भरावयाचा आहे तो रात्रीं अकराच्या गिऱ्हाइकाला ‘उद्यां सकाळीं सांगतों’ असें कसें म्हणेल ? हें मान्य केलें पाहिजे. उंबरठा राखण्याची किंमत पडते, आणि कांहीं घरांना ती आज देतां येणार नाहीं. अशांना दोष देण्याचा अधिकार, महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला तर मुळींच नाहीं. पण एकट्याला जें देतां येत नाहीं तें कित्येकदां अनेकांना मिळून देतां येतें. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईच्या गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. तीच पुढें लिज्जत पापडाची संस्था झाली. तिच्या रचनेंत एक शहाणपण आहे. बायका मळलेलें पीठ घरीं नेतात, घरीं पापड लाटतात आणि संस्थेंत आणून देतात. विकण्याची काळजी संस्था वाहते. म्हणजे ज्या कामाला शेवट आहे तें घरांत आलें, आणि ज्याला शेवट नाहीं तें घराबाहेर ठेवलें गेलें. एका सेक्टरांतील पांच फराळवाल्यांना एवढी मोठी संस्था काढण्याची गरज नाहीं. मागण्या घेण्याचें काम त्यांनीं पाळीपाळीनें केलें, तरी प्रत्येकीच्या चार संध्याकाळी मोकळ्या होतील.

दुसरा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे. हा तोल साधण्याचा प्रश्न नेहमीं बाईलाच कां विचारतात ? पेढीवर बसणाऱ्या पुरुषाला, ‘तुम्ही घर कसें सांभाळतां ?’ असें कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. तो रात्रीं दहाला घरीं येई, आणि त्याला कष्टाळू म्हणत. तीच गोष्ट बाईनें केली तर घराकडे दुर्लक्ष होतें. हा अन्याय उघड आहे, आणि माझ्या म्हणण्याचा आधार घेऊन कोणीं तो पुढें चालवूं नये. उंबरठा सर्व घराचा असतो. तो राखण्याचें काम एकट्या बाईचें नव्हे. तो कोठें असावा हेंहि घरांतल्या सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि ज्यांचीं छायाचित्रें निघतात त्या मुलांनाहि त्यांत मत असावें.

मग जाहिरात करावयाची ती कशी ? याचें एक उत्तर आमच्याच साहित्याच्या इतिहासांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केले, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. आणि कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. शंकरराव किर्लोस्करांच्या हातीं त्या खबरेचें नामांकित मासिक झालें, आणि पुढें १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्याला मिळालीं. मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्यांनीं ज्या पानांवर कथा वाचल्या आणि वाद घातले, त्यांचा उगम नांगराच्या जाहिरातींत आहे. त्या जाहिरातीनें वाचणाऱ्याला कांहीं तरी दिलें : माहिती दिली, विचार दिला, करमणूक दिली. देणारी जाहिरात आणि ओरबाडणारी जाहिरात यांत हा फरक आहे. फराळ करणारीनें भाजणी कशी खमंग होते हें सांगावें, शिकवणी घेणाऱ्यानें एखादें अवघड गणित सर्वांसाठीं सोडवून दाखवावें. त्यांत त्यांची कला दिसते, गिऱ्हाइकालाहि कांहीं मिळतें, आणि घरांतल्या मुलाला प्रकाशांत उभें राहावें लागत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट वाचकांपैकीं पुष्कळांना उद्देशून सांगावीशी वाटते. आपल्यांतील बहुतेक जण विकणारे नाहींत. आपण गिऱ्हाईक आहों. लहान धंदेवाल्याच्या घराचा उंबरठा आंतून जितका तो राखतो तितकाच बाहेरून आपण राखतों, किंवा तुडवितों. रात्रीं अकरा वाजतां मोदक विचारणारे आपणच. उत्तरास अर्धा तास लागला म्हणून दुसरीकडे वळणारेहि आपणच. धंद्यासाठीं निघालेल्या व्हॉट्सॲपांत, २०१८ पासून, आपल्या कामाच्या वेळा लिहून ठेवण्याची आणि त्या वेळेबाहेर येणाऱ्याला आपोआप नम्र उत्तर देण्याची सोय आहे. म्हणजे दुपारीं एक ते चारची पाटी आज कोणालाहि विनामूल्य लावतां येते. ती लावण्याचें धैर्य मात्र तेव्हांच येईल, जेव्हां ती वाचून थांबणारें गिऱ्हाईक असेल. जुन्या ओटीवर येणारा मनुष्य दार उघडें दिसलें तरी आंत शिरत नसे; बाहेरूनच हांक देई, आणि उत्तर येईपर्यंत जोत्यावर बसून राही. विकणाऱ्यानें उंबरठा घालावा हें खरेंच. पण जोत्यावर बसून राहण्याची ती सभ्यता आपल्याला पुन्हां शिकावी लागेल.